गिन्नीची तांबूस झाक

१२ नोव्हेंबर १९८५, लक्ष्मीपूजन

वाट लागली. दुसरा शब्द नाही.

संध्याकाळी हिनं नेहमीप्रमाणे मला झेंडू आणायला पिटाळलं. दरवर्षी हिला ऐन वेळी झेंडू कमी पडतो आणि दरवर्षी मी मुलुंड स्टेशनापर्यंत तंगडतोड करतो. यंदा आमच्या इमारतीच्या फाटकाशीच एक बाई टोपली घेऊन बसली होती, म्हणून मी लगेच परत. दार लोटलेलंच होतं. आत येऊन बघतो तर सुगंधा पाटासमोर बसलेली, ताम्हनात रिठ्याचं पाणी, आणि त्या पाण्यात माझी गिन्नी. माझी! कुलपातली, चामड्याच्या डबीतली, जिला मी स्वतः उघड्या बोटांनी हात लावत नाही ती. माझ्या डोळ्यांदेखत हिनं ती बाहेर काढली, पदरानं खसाखसा पुसली आणि वर कुंकवाचं बोट टेकवलं.

माझा आवाज चढला हे खरं. शेजारच्या विमलावहिनी फराळाचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या, ते मला नंतर दिसलं. पण माणसानं सोसावं तरी किती? मी म्हणालो, "प्रूफ नाणं आहे ते, अडाणी बाई! एक ओरखडा आला की संपलं. मी इतकी वर्षं जपलं आणि तू एका पदरात त्याचं वाटोळं केलंस!"

सुगंधा एवढंच म्हणाली, "लक्ष्मी असा ती." दुखावली की ती मालवणीवर येते. मग तिनं पूजा पुरी केली, माझं पान वाढलं आणि स्वतः न जेवता आत जाऊन पडली.

गिन्नी कापसावर ठेवली आहे. भिंग घ्यायला हात धजत नाही.

१३ नोव्हेंबर, पाडवा

ओवाळलं. टिळा लावताना माझ्याकडे बघितलं नाही. मी तबकात नोट ठेवली. ती अजून तबकातच पडून आहे.

१४ नोव्हेंबर, भाऊबीज

सुगंधा सकाळी आमच्या मुलीकडे, शुभाकडे दिंडोशीला गेली. तिचा भाऊ धाकू यंदा भाऊबीजेला तिकडेच येणार आहे म्हणे. "चार दिवस रवतंय," म्हणाली. चार दिवसांसाठी मोठी बॅग कशाला लागते कोण जाणे. वर नारळ खवायचा आडाळासुद्धा घेऊन गेली. शुभाकडे काय आडाळा नसेल? बायकांना सामान आटोपशीर करता येत नाही ते नाहीच.

घरात शांतता आहे. बरं आहे, काम होईल.

२२ नोव्हेंबर

चार दिवस कधीच होऊन गेले. येईल.

आज धीर करून गिन्नी भिंगाखाली घेतली. आधी प्रूफ म्हणजे काय ते इथे लिहून ठेवतो, कारण या घरात ते कुणाला कळलेलं नाही. बाजारात फिरायचं नाणं टाकसाळीत धडाधड पाडतात. प्रूफ नाणं तसं नसतं. ठसा आरशासारखा घासतात, चकतीही घासतात, आणि जपून दोनदा दाब देऊन एकेक नाणं काढतात. ते खर्चायचं नसतं, बघायचं असतं. मागची जमीन आरसा, त्यावरचा राजाचा चेहरा दवासारखा धूसर. त्या आरशावर केसाएवढी रेघ आली तरी प्रत उतरते. माझी गिन्नी एकोणीसशे सदतीसची आहे, सहाव्या जॉर्जची. हिच्या काठाला खाचा नाहीत, काठ गुळगुळीत आहे. चालू गिन्नीला खाचा असतात. तिथेच मी ओळखलं.

ओळखलं ते त्र्याहत्तर साली. तोवर ही गिन्नी सुगंधाच्या तांदळाच्या डब्यात होती. तिचे वडील बंदरावरच्या एका कंपनीत गोऱ्या साहेबाकडे होते. साहेबानं विलायतेला जाताना ती त्यांना डबीसकट दिली आणि त्यांनी सुगंधाला लग्नात दिली. तांदळात ठेवली होती, तांदळात! मी नसतो तर एखाद्या सोनारानं वितळवून तिची कुडी केली असती. मी तिला कपाटात ठेवलं, कुलूप घातलं. तेव्हापासून महिन्यातून एकदा बाहेर काढायची, भिंगातून बघायची, परत ठेवायची, हा माझा नेम.

माझी नजर साधी नाही. सारी नोकरी मी छापखान्यात चित्रांचे ब्लॉक करण्यात काढली. जस्ताच्या पत्र्यावरचा ठिपका सरकला तर तो मशीनवर जायच्या आधी मला दिसायचा. तर आज बघितलं. रेघा आहेत. चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेत, तिरप्या, पदराच्या. पण डबी ठरावीक कोनात धरली तर दिसत नाहीत. अक्षरांच्या खाचेतली तांबूस झाक मात्र तशीच सुरेख आहे. जुन्या सोन्याला वयानं अशी झाक चढते. हे माझं स्वतःचं निरीक्षण आहे, कुठल्या पुस्तकात नाही.

सव्वीस जानेवारीला घाटकोपरला आमच्या नाणेसंग्राहक मंडळाचं प्रदर्शन. प्रत ठरवायला भाऊ पाठारे बसणार. त्यांनी एकदा 'निर्दोष प्रूफ' म्हटलं की झालं. कुणी विचारलं, पाताडे, तुम्ही आयुष्यात काय केलंत, तर दाखवायला माझ्याकडे तेवढंच आहे.

३ डिसेंबर

विमलावहिनींच्या फोनवरून शुभाकडे फोन लावला. शुभा म्हणाली, "आई खाली गेलीय." मागे कुकरची शिट्टी झाली आणि सुगंधाचा खोकला ऐकू आला.

"बाबा, तुम्हीच या ना इकडे."

"मला प्रदर्शनाची तयारी आहे."

"तुमचं ते प्रदर्शन!" असं म्हणून तिनं ठेवला. लग्न झाल्यापासून मुलगी फार तोडून बोलायला लागली आहे. विमलावहिनी स्वयंपाकघरातून मुद्दाम बाहेर आल्या नाहीत. मी आपला दारातूनच "येतो" म्हणून निघालो.

१५ डिसेंबर

सोनूबाई मासे घेऊन आली. तिनं पाटी उतरवली आणि माझ्या खांद्यावरून आत बघायला लागली. "बाय नाय का घरान?"

नाही म्हणालो.

"आजून नाय आली? मंग तुमी काय करनार बोंबील घेवून?"

मला राग आला. मी चांगला वाटाभर घेतला. साफ करताना त्यांचा लगदा झाला, कढईत आणखी झाला. शेवटी भातावर नुसतं मीठ घालून खाल्लं. भात दोन वेळचा उरला. हिच्या मापानं तांदूळ घेतो ना मी, दुसरं माप मला माहीत नाही.

१४ जानेवारी १९८६, संक्रांत

विमलावहिनींकडे हळदीकुंकू. सुगंधाच्या वाटणीचं वाण त्यांनी माझ्या हातात दिलं. स्टीलची वाटी आहे. "ताई आल्या की द्या." कधी येणार असं त्यांनी विचारलं नाही, त्याचंच जास्त लागलं. वाटी फळीवर ठेवली आहे.

प्रदर्शनाचं कार्ड लिहायला घेतलं. 'गिन्नी, १९३७, प्रूफ' इथवर हात छान चालला. पुढे 'निर्दोष' लिहायचं होतं. दोन कार्डं फाडली. तिसऱ्यावर ती जागा मोकळी सोडली आहे.

खरं सांगायचं तर सुगंधा प्रदर्शनाला यावी असं मला वाटतं. भाऊ पाठारे सगळ्यांसमोर निकाल सांगतील तेव्हा तिनं तिथे असावं. मग तिला कळेल मी का ओरडलो ते. मग ती आपणहून घरी येईल. शुभाला तसा निरोप दिला आहे.

२६ जानेवारी

आली नाही.

शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. भाऊ पाठारे काळ्या मखमलीवर एकेक नाणं घेत होते, बाजूला टेबललॅम्प. माझी पाळी आली. त्यांनी गिन्नी काठावर धरून दिव्याखाली सावकाश फिरवली. भाऊ मंडळात सगळ्यांत बडबडे, पण आता गप्प झाले. मला वाटलं, भारावले.

"पाताडे, नाणं अस्सल आहे. प्रूफ आहे. हातात घ्यायला मिळालं हेच माझं भाग्य. पण पुसलेलं आहे हो."

मी म्हणालो, "एकदाच. गेल्या दिवाळीत. घरच्यांची चूक झाली."

"एकदा?" त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. "नीट बघा. वरच्या रेघा ताज्या आहेत. त्यांच्याखाली जुन्या आहेत, बोथटलेल्या. त्याच्याखाली आणखी जुन्या. ही एका दिवाळीची करणी नव्हे. ह्याला दरसाल आंघोळ आहे."

"शक्य नाही. मी दर महिन्याला बघतो."

"आणि हे काय?" त्यांनी टाचणीचं टोक अक्षरांच्या खाचेशी नेलं.

मी झाकेबद्दल सांगितलं. वयाची झाक, जुनं सोनं, माझं निरीक्षण. भाऊ ऐकून घेत होते, मग त्यांना हसू आवरेना. "अहो, कुंकू आहे ते! घट्ट बसलंय. घरोघरी हेच, पाताडे. आपण डबीत ठेवतो, त्या पूजेत घेतात. माझ्या तीन मोहरा अशाच गेल्या. मनावर घेऊ नका."

आजूबाजूचे चारपाच जण हसले. वाईट मनानं हसले नसतील. भाऊंनी कार्डावरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिलं, 'पुसलेले'. मी डबी घेतली आणि चहा न घेता निघालो.

२७ जानेवारी

बारा वर्षं मला फसवलं! कपाटाची चावी माझ्या उशीखाली असते. तिथून घ्यायची, नाणं काढायचं, धुवायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, परत डबीत जसंच्या तसं, चावी परत उशीखाली. आणि चेहऱ्यावर काही नाही. मी संध्याकाळभर घरात येरझारा घालून मोठमोठ्यानं बोलत होतो. भिंतीपलीकडे विमलावहिनींचा रेडिओ बंद झाला तेव्हा भानावर आलो.

मग एकदम झेंडू आठवला. दरवर्षी ऐन वेळी कमी पडणारा झेंडू. दरवर्षी मी स्टेशनापर्यंत. आणि मी परत येईपर्यंत हिची पूजा मांडून तयार, दिवा लावलेला, हिचा चेहरा प्रसन्न. मी म्हणायचो, "बघ, आणला." ती म्हणायची, "बरा केलात."

मला हसू आलं. एकटाच खो खो हसलो. मग ते कुणाला सांगावं असं झालं, आणि सांगण्यासारखं एकच माणूस होतं.

दुसरी गोष्ट झोंबते ती वेगळीच. रेघा होत्या. पहिल्या वर्षापासून होत्या. मी दर महिन्याला भिंग लावून बसत होतो आणि मला निर्दोष दिसत होतं. ठिपका सरकला तर ओळखणारा मी!

२० फेब्रुवारी

दिंडोशीला जाऊन जाब विचारायचा असं ठरवून निघालो. अंधेरीच्या बसची रांग पवईच्या बाजूला तोंड करून उभी होती. मी रांगेत उभा राहून मनात वाक्यं जुळवली. "तू मला सांगायचं होतंस." त्यावर ती काय म्हणेल तेही आपोआप जुळलं. "सांगलं असतंय तर करूक दिलं असतात?" नसतं दिलं. बस आली, लोक चढले. मी परत फिरलो. येताना पाव घेतला.

१९ जून

नाण्याची डबी पाच महिन्यांत उघडलेली नाही. नेम मोडला. काही बिघडलं नाही, कुणाला कळलंही नाही.

ताप होता, आता उतरला. विमलावहिनींनी पेज आणून दिली. शुभाला कळवू का म्हणाल्या. नको म्हणालो. मग दिवसभर दाराशी पाऊल वाजलं की मान वर होत होती.

८ सप्टेंबर

गणपतीला सगळी गावी गेली. सुगंधा, शुभा, जावई. शुभानं फोन करून "बाबा, तुमचं तिकीट काढू का?" असं विचारलं होतं. मी म्हटलं, "तुझ्या आईला विचार." उलट फोन आला नाही. तिनं विचारलं नसेल, की आईनं नको म्हटलं असेल? काल विमलावहिनींकडे आरतीला गेलो आणि मोदक खाऊन आलो. त्यांच्या घरात सगळे एकमेकांवर ओरडत होते. खूप बरं वाटलं.

मला फार एकटं वाटतं. लिहून टाकलं एकदाचं.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

घरात पूजा झाली पाहिजे. वर्षाची पूजा चुकवायची नाही, एवढं आईनं शिकवलं आहे. पण काय काय लागतं ते कधी बघितलंच नव्हतं, मी नेहमी झेंडूच्या वाटेवर.

विमलावहिनींना विचारलं, रिठे किती वेळ भिजवायचे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सोन्यासाठी?" "हो." "कोमट पाण्यात, भाऊजी. फेस आला की पुरे. उकळू नका."

गिन्नी डबीतून काढली. सुरुवातीला सवयीनं काठावर धरली. मग म्हटलं, आता कशाला, आणि सरळ मुठीत घेतली. इतकी वर्षं माझ्याकडे आहे आणि ती हातात कशी लागते ते मला ठाऊक नव्हतं. जड आहे, आणि लगेच कोमट होते. फेसात धुतली. पुसायला पदर कुठला? ट्रंकेत सुगंधाची एक जुनी सुती साडी होती, निळ्या काठाची. तिच्या टोकानं पुसली. कुंकू लावलं, जरा जास्तच लागलं. दिवा लावल्यावर राजाचा चेहरा त्या कुंकवाखाली अगदी घरातला वाटायला लागला.

बसून राहिलो. हिचे वडील मला एकदाच म्हणाले होते, लग्नात. "पोरीक काय देऊक नाय जमला. एवढी लक्ष्मी असा, तिची तिका असूंदे." मी बरं म्हटलं होतं. ते आज आठवलं.

३ नोव्हेंबर, पाडवा

दिंडोशीला जाऊन आलो. आताच पोचलो, कपडेही बदललेले नाहीत.

दार शुभानं उघडलं. "बाबा!" एवढंच म्हणाली आणि आत गेली. सुगंधा स्वयंपाकघरात आडाळ्यावर नारळ खवत होती. वाळली आहे थोडी, पण चेहरा बरा आहे. मला बघून ती उठली नाही, खवत असलेलं खोबरं पुरं केलं. मग हात धुतले आणि शुभाला म्हणाली, "पाट मांड. पाडवो असा."

ओवाळलं. मी खिशातून गिन्नी काढली आणि तबकात ठेवली. डबी नाही, कापूस नाही, नुसती गिन्नी.

सुगंधानं बघितलं. "ह्या तर माझाच असा. माझाच माका ओवाळणी म्हणान देतास?"

वर्षभर मनात इतकी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही कामाचं नव्हतं. "हो," म्हणालो. "तुझंच आहे. द्यायला उशीर झाला."

तिनं गिन्नी उचलली, बोटांत घेऊन खिडकीच्या उजेडाला धरली आणि हळूहळू फिरवली. भाऊ पाठारे फिरवतात ना, अगदी तशी. "कोणी धुतल्यान?"

"मी."

"रिठो जास्त झालो." परत फिरवली. "कोपऱ्यात कुंकू तसाच रवला." मग पदरानं एकदा पुसली. "पण बरा धुतलात."

मला रडू आलं असतं, पण शुभा उभी होती.

जेवताना म्हणालो, "घरी चल." सुगंधानं माझ्या पानात आमटी वाढली. "थयसर माझा काय असा?" रागानं म्हणाली नाही. तिथे तिचं काय आहे, हे खरंच विचारल्यासारखं म्हणाली. मला वाटलं सांगावं, भांडी आहेत, निळ्या काठाची साडी आहे, संक्रांतीची वाटी आहे, मी आहे. पण मी भातात आमटी कालवत राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघून ताक आणायला उठली.

बसमध्ये विचार करत होतो. तिची म्हणून एकच वस्तू माझ्या कुलपात अडकली होती. ती मी आज आपल्या हातानं देऊन आलो. आता तिला मुलुंडला येण्याचं काही कारणच उरलं नाही. तरी दिली ते बरं केलं. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकदम सोसत नाही.

निघताना तिनं फराळाचा डबा दिला होता. करंज्या आहेत, वर चार चकल्या. जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "डबो परत व्हयो हां. शुभाचो असा."

"परवा आणतो."

"सावकाश आणा." दोन पायऱ्या उतरलो तेव्हा वरून आवाज आला, "पण रिकामो आणू नकात."

एवढं मलाही कळतं, डबा कुणाकडे रिकामा परत करत नाहीत. पण त्यात घालायचं काय? विकतचं नेलं तर ती एका नजरेत ओळखेल. मला पेज येते, भात येतो, आणि बोंबलांचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. विमलावहिनी रव्याचे लाडू चांगले करतात. सकाळी त्यांना विचारतो, रवा किती वेळ भाजायचा.